प्रवाळांच्या टँकसाठी लाइटचा रंग: निळा किती, पांढरा किती आणि ते ठरवायचं कसं

नवा एलईडी लाइट समुद्री पाण्याच्या टँकवर टांगला, मोबाइलवर ॲप जोडलं, की समोर सात-आठ पट्ट्या येतात: रॉयल ब्लू, ब्लू, व्हायलेट, यूव्ही, कूल व्हाइट, रेड, ग्रीन. मग आपण टँकसमोर बसून त्या पट्ट्या वर-खाली करत राहतो आणि टँक छान दिसला की थांबतो. घोळ होतो तो इथेच. लाइटचा रंग निवडताना आपण एका झटक्यात दोन कामं उरकायला बघतो. कोरलला, म्हणजे प्रवाळाला, जगायला आणि वाढायला लागणारा प्रकाश देणं हे एक काम, आणि टँक आपल्या डोळ्यांना आवडेल असा दिसणं हे दुसरं. पहिल्या कामात डोळ्याचा उपयोग जवळजवळ नाहीच. निळ्याच्या बाबतीत तर डोळा चक्क फसवतो.

विश्वास बसत नसेल तर आज रात्री करून बघा. बाकी सगळ्या पट्ट्या शून्यावर आणून फक्त रॉयल ब्लू १०० टक्के करा. टँक अंधारलेला वाटेल, दगडांच्या कडाही धड दिसणार नाहीत. आता निळा बंद करून फक्त पांढरा २० टक्के लावा. सगळं लख्ख उजळेल. हातात पार मीटर (कोरलच्या कामाचा प्रकाश मोजणारं यंत्र) असेल तर दोन्ही वेळा सेन्सर एकाच दगडावर ठेवून आकडा वाचा. सर्वसाधारण रीफ लाइटमध्ये, म्हणजे कोरलांसाठीच्या लाइटमध्ये, ‘अंधारलेल्या’ निळ्याचा आकडा कितीतरी मोठा येतो. माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या पोपटी-हिरव्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतो. रॉयल ब्लू ४५० नॅनोमीटरच्या जवळ असतो, आणि तिथे डोळ्याची संवेदना त्या शिखराच्या चार टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणून माणूस म्हणतो, ‘लाइट कमी पडतोय’, आणि निळा वाढवतो. कोरल मात्र तोवर भाजून निघालेलं असतं.

कुठला रंग लागलाय ते बघायला डोकं वर करून सरळ एलईडीत मात्र पाहू नका. मंद वाटणारा निळा-जांभळा प्रकाश डोळ्याच्या पडद्याला तितकाच लागतो, आणि तो मंद वाटतो म्हणूनच आपण बेफिकीर असतो.

पायरी १: टँकमध्ये काय राहणार ते आधी लिहून काढा

लाइटचा रंग टँकच्या मापावरून ठरत नाही, तो त्यात राहणाऱ्या कोरलांवरून ठरतो. मश्रूम, लेदर, झोअँथस अशी मऊ कोरलं साधारण ५० ते १०० पारमध्ये सुखात असतात. मोठ्या पॉलिपची (पॉलिप म्हणजे कोरलचा एकेक तोंडवाला जीव) कडक कोरलं, म्हणजे एलपीएस (हॅमर, टॉर्च, ट्रॅकिफिलिया वगैरे), ७५ ते १५० मध्ये. लहान पॉलिपची एसपीएस, म्हणजे ॲक्रोपोरा, मोंटिपोरा, स्टायलोफोरा, २०० ते ३५० मध्ये. पार म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात त्याचं माप, एकक मायक्रोमोल. उघड्या आकाशाखाली भर दुपारच्या उन्हात हा आकडा २००० च्या घरात जातो. ते वाचून घाबरू नका आणि त्याची नक्कलही करू नका. वरचे आकडे पाळणाऱ्यांच्या अनुभवातून आलेले आहेत, ती लक्ष्मणरेषा नव्हे.

सगळं एकाच टँकमध्ये हवं असेल तर रंग एकच ठेवा आणि जागा बदला. एसपीएस वर, मश्रूम खाली किंवा दगडाच्या सावलीत.

पायरी २: निळाच का, हे एकदा नीट समजून घ्या

पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी गिळतं. पहिल्या पाच-दहा मीटरमध्ये लालाचा बहुतेक हिस्सा संपतो, मग नारिंगी, मग पिवळा. स्वच्छ समुद्रात सगळ्यात खोल जातो तो निळा. प्रवाळ याच निळ्या उजेडात लाखो वर्षं वाढलेले आहेत.

खरी गरज कोरलच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाची असते. त्याला झूझँथेली म्हणतात. ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. त्याच्याकडे प्रकाश पकडायला तीन मुख्य रंगद्रव्यं असतात. क्लोरोफिल ए ४३० नॅनोमीटरच्या आसपास आणि पुन्हा ६६५ च्या आसपास जोरात शोषतं. क्लोरोफिल सी२ चं मुख्य शिखर ४५० च्या आसपास. पेरिडिनिन नावाचं तिसरं द्रव्य साधारण ४७० ते ५५० चा रुंद पट्टा सांभाळतं. कोरलचा तपकिरी रंग मुख्यतः याच्यामुळे. तिन्ही एकावर एक ठेवली तर ४०० ते ५०० नॅनोमीटरमध्ये जवळजवळ सगळं काम भागतं. रीफ लाइटमध्ये निळे आणि जांभळे एलईडी ठासून भरलेले असतात ते याचसाठी. निळा आवडत नसला तरी पाया त्याचाच घालावा लागतो.

दुसरं कारण आपल्या डोळ्यांच्या सुखाचं. बरीच कोरलं अंगात चमकणारी प्रथिनं बाळगतात. ही प्रथिनं जांभळा-निळा प्रकाश घेतात आणि हिरवा, नारिंगी किंवा लाल परत फेकतात. या कुळातलं पहिलं प्रथिन, हिरवं जीएफपी, ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशमधून वेगळं केलं. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना मिळालं ते याच प्रथिनासाठी. प्रयोगशाळांमध्ये वापरलं जाणारं प्रसिद्ध लाल प्रथिन तर डिस्कोसोमामधून आलं. होय, आपण टँकच्या तळाला ठेवतो त्याच मश्रूमच्या प्रजातीतून.

पण सगळे रंग असे चमकणारे नसतात, आणि निळ्याच्या प्रेमात पडलेले लोक हे विसरतात. ॲक्रोपोराचा गडद जांभळा, स्टायलोफोराचा गुलाबी, काही मोंटिपोरांचा निळा हे रंग बहुतेकदा न चमकणाऱ्या क्रोमोप्रोटीनचे असतात. कापडाचा रंग दिसतो तसे ते दिसतात: अंगावर पडलेल्या पांढऱ्या प्रकाशातला काही भाग गिळून उरलेला परत पाठवायचा. निव्वळ निळ्यात ती फांदी काळपट, मेलेली वाटते. माशांचंही तेच. पिवळाधमक यलो टँग निव्वळ निळ्याखाली राखाडी-हिरवट, आजाऱ्यासारखा दिसतो. मासा आजारी नसतो, परत पाठवायला त्याला पिवळा प्रकाशच मिळालेला नसतो.

पायरी ३: केल्व्हिनचा आकडा वाचा, पण त्यावर विसंबू नका

खोक्यावर ६५००, १००००, १४०००, २०००० असे केल्व्हिनचे, म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचे, आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका प्रकाश डोळ्याला निळसर. ६५०० म्हणजे दुपारचं ऊन, १०००० कडक पांढरा, १४००० थंड निळसर-पांढरा, २०००० ठळक निळा. मेटल हॅलाइडच्या जुन्या दिव्यांच्या काळात हे आकडे बऱ्यापैकी कामाचे होते. एलईडीत एकच ‘२०००० केल्व्हिन’ दिसणारा प्रकाश पाच वेगवेगळ्या मिश्रणांनी बनवता येतो. कुणात व्हायलेट भरपूर, कुणात अजिबात नाही. म्हणून केल्व्हिन हे दिसण्याचं माप समजा आणि खरेदीच्या वेळी स्पेक्ट्रमचा, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती ते दाखवणारा, आलेख मागा. आलेखात ४०० ते ४८० चा डोंगर भरीव आणि रुंद हवा. ४५० वर एकच सुळका आणि आजूबाजूला दरी असेल तर तो लाइट सोडून द्या.

माझी स्वतःची आवड सांगतो: दिवसा १४००० च्या आसपासचा देखावा, संध्याकाळी २०००० च्या पुढे. चोवीस तास निळ्या अंधारात ठेवलेले टँक मला कधीच रुचले नाहीत.

टी५ (बारीक फ्लुरोसंट) ट्यूब वापरत असाल तर पट्ट्यांची भानगडच नाही. चार ट्यूबमध्ये तीन निळ्या आणि एक पांढरी किंवा गुलाबीसर पांढरी, एवढं पुरतं. फक्त साधारण ९ ते १२ महिन्यांनी ट्यूब बदला; त्या जुन्या होताना रंग आणि जोर दोन्ही उतरतात. बदलताना सगळ्या एकदम बदलू नका. आठवड्याला एक.

पायरी ४: पट्ट्या एकेक करून बसवा

सगळ्या शून्यावर आणा आणि या क्रमाने चढा.

पहिली रॉयल ब्लू, ४४५ ते ४५५ नॅनोमीटर. हा पाया. तिच्या जोडीला ब्लू, ४७० च्या आसपासचा. दोन्हींमध्ये थोडा फरक ठेवा, उदाहरणार्थ रॉयल ब्लू ६० असेल तर ब्लू ५०. ब्लू वाढवला की टँक आकाशी होत जातो, रॉयल ब्लू वाढवला की गडद. काही लाइटमध्ये ४९० ते ५०० चा सायन (निळा-हिरवा) हीही पट्टी असते. ती असल्यास थोडी घ्या, पेरिडिनिनच्या कामाची आहे.

दुसरी व्हायलेट, ४०० ते ४२० नॅनोमीटर. जुन्या काळातल्या ४२० च्या ॲक्टिनिक (निळ्या-जांभळ्या) ट्यूबची ही आजची जागा. डोळ्याला ती जवळजवळ दिसत नाही, पण काही लाल-नारिंगी चमक तिच्यामुळेच उठून येते. रॉयल ब्लूच्या निम्म्यापासून सुरुवात करा. ३८० ते ४०० ची यूव्ही पट्टी वेगळी असेल तर तिच्यात आणखी हात आखडता ठेवा. या पट्टीतला ४०० च्या खालचा प्रकाश पार मीटर मोजत नाही, कोरल मात्र सोसतं.

तिसरा पांढरा. आता डोळ्यांची पाळी. पांढरा १० टक्क्यांपासून सुरू करून दोन-दोनने वाढवा आणि एका माशाकडे, शक्यतो पिवळ्या किंवा नारिंगीकडे, बघत राहा. माशाचा रंग ओळखीचा वाटला की थांबा. बहुतेक लाइटमध्ये हे १५ ते ३० च्या दरम्यान होतं. त्याच्याही पुढे गेलात तर कोरलची चमक पांढऱ्याखाली धुऊन निघते आणि तपकिरीपणा उघडा पडतो. कोरल मेलेलं नसतं, फक्त झूझँथेलीचा खरा रंग दिसायला लागलेला असतो.

शेवटी लाल आणि हिरवा, दोन ते पाच टक्के, जास्त नको. हिरव्याला डोळा इतका तीक्ष्ण आहे की चिमूटभरानेही टँक उजळतो. लालाने गुलाबी-जांभळ्यात जान येते, पण तो अंगावर घेण्यात अर्थ नाही. स्टायलोफोरा पिस्टिलाटा या कोरलवरचा २०१४ सालचा एक अभ्यास आहे. त्यात लाल प्रकाशाने कोरलच्या प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेला बाधा येताना दिसली, निळ्याखाली तब्येत चांगली राहिली. लाल लावला की शेवाळ माजतं असं सर्रास म्हटलं जातं. माझ्या मते ते अर्धसत्य आहे: नायट्रेट आणि फॉस्फेट वाढलेलं असेल तर शेवाळ कुठल्याही रंगात माजतं.

थोडक्यात, सुरुवातीचं मिश्रण असं: रॉयल ब्लू ६०, ब्लू ५०, व्हायलेट ३०, पांढरा १५, लाल ३, हिरवा ३. मित्राच्या लाइटचे टक्के जसेच्या तसे उतरवून घेऊ नका. तुमच्या लाइटमध्ये निळे १२ एलईडी असतील आणि त्याच्यात २४, तर दोघांचे ‘६० टक्के’ एकमेकांना ओळखतही नाहीत.

मिश्रण जमलं की वाळूकडे बघा. दगडाच्या सावलीच्या कडेला एक निळी आणि एक लालसर किनार दिसत असेल तर वेगवेगळ्या रंगांचे एलईडी एकमेकांत नीट मिसळत नाहीत. लाइट पाच-सात सेंटीमीटर वर घ्या किंवा पुढे डिफ्यूजर (प्रकाश पसरवणारा पडदा) लावा. डिफ्यूजरने थोडा प्रकाश जातो, पण फांद्यांवर एकसारखा रंग पडतो.

पायरी ५: मोजा

मोबाइलवरचं लक्स ॲप यासाठी निरुपयोगी. लक्स म्हणजे माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजलेला उजेड, आणि निळ्यात डोळ्याचा हिशेब कसा कोलमडतो ते वर पाहिलंच. पार मीटर उसना मिळाला तरी चालेल, वर्षातून दोन दिवस पुरतो. फुल स्पेक्ट्रम सेन्सरचा घ्या. जुन्या पद्धतीचे सेन्सर निळ्याला कमी लेखतात, मग १८० वाचून तुम्ही निर्धास्त राहता आणि प्रत्यक्षात दगडावर त्याहून बरंच जास्त पडत असतं.

कागदावर टँकचा वरून दिसणारा नकाशा काढा. तीन उंच्या ठरवा: वरचा दगड, मधला, वाळू. प्रत्येक उंचीवर मध्यभागी आणि चारी कोपऱ्यांत वाचन घ्या. पंप चालू ठेवून पाच सेकंदांची सरासरी धरा, कारण लाटेच्या भिंगाखाली आकडा क्षणाक्षणाला उडतो. हे सगळं दिवसाच्या सर्वांत प्रखर वेळेच्या सेटिंगवर करा.

आकडे जास्त आले तर रंग बिघडवू नका. सगळ्या पट्ट्या एकाच प्रमाणात खाली आणा, बहुतेक ॲपमध्ये त्यासाठी एकूण तीव्रतेची वेगळी पट्टी असते. रंग आणि ताकद यांच्याशी एका वेळी खेळलं की पुढे काय बिघडलं ते शोधता येत नाही.

मीटर मिळतच नसेल तर एकूण तीव्रता ३० टक्क्यांच्या आसपास ठेवा, कोरल तळाला ठेवा आणि पायरी ७ मधल्या खुणा बघत सावकाश वर चढा. वेळ जास्त लागतो, कोरल मात्र वाचतं.

पायरी ६: हळू. त्याहून हळू.

नवा लाइट किंवा नवं मिश्रण लावताना लक्ष्याच्या निम्म्या ताकदीवर सुरू करा आणि चार ते सहा आठवड्यांत तिथे पोहोचा. कमी उजेडात राहिलेल्या कोरलने झूझँथेली वाढवून ठेवलेली असते. एकदम प्रकाश वाढला की ती जादा मजूर भट्टीत ढकलल्यासारखी होते. जळते ती तीच, आणि तिच्यासकट कोरल पांढरं पडतं.

ही चूक मी केलेली आहे, आणि तीही लाइटला हात लावण्याच्या एकाच संध्याकाळी दुप्पट करून. माझ्याकडे ताटलीसारखं आडवं वाढणारं तळहाताएवढं मोंटिपोरा होतं. पाणी गाळायचा कार्बन चार महिने बदललेला नव्हता. ताटली तपकिरी व्हायला लागली तसं मी ठरवलं, हिला प्रकाश कमी पडतोय. निळा ५५ वरून ७५ वर नेला आणि त्याच संध्याकाळी रिॲक्टरमध्ये (कार्बनमधून पाणी फिरवणाऱ्या नळकांड्यात) ताजा कार्बनही भरला. चौथ्या दिवशी ताटलीचा वरचा भाग खडूसारखा फिका आणि उलटी बाजू, जिथे सावली होती, तशीच तपकिरी. कारण नंतर लक्षात आलं. जुनं पाणी पिवळसर झालं होतं, आणि पाण्यातली विरघळलेली सेंद्रिय द्रव्यं नेमका निळा-जांभळा प्रकाश खातात. कार्बनने पाणी एका रात्रीत स्वच्छ केलं, म्हणजे लाइट न वाढवताही निळा वाढलाच असता. वर मी २० टक्के दिले. ताटलीला पुन्हा रंग भरायला पाच महिने लागले, आणि एका कोपऱ्यावर शेवाळ बसलं ते कायमचं.

तेव्हापासून लाइटला हात लावण्याआधी दोन पांढऱ्या बादल्या घेतो. एकीत टँकचं पाणी, दुसरीत ताजं बनवलेलं मिठाचं पाणी. शेजारी ठेवून वरून बघायचं. टँकचं पाणी चहाच्या बशीत उरलेल्या पाण्यासारखं दिसलं तर आधी कार्बन, थोडा-थोडा, दोन आठवडे. मग लाइट. लाइटच्या खालची काचही पुसा, मिठाचा थर तिच्यावर हळूहळू चढतो आणि पुसल्याच्या दिवशी तुम्ही नकळत प्रकाश वाढवलेला असतो.

नवीन आणलेला तुकडा असेल तर लाइट बदलू नका. त्याला वाळूवर कोपऱ्यात ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत एकेक पायरी वर न्या.

दिवसाचं वेळापत्रक

एकूण ९ ते १० तास, त्यातले प्रखर ५ ते ६. सकाळी तासभर फक्त निळा आणि व्हायलेट चढत जाऊ द्या, मग पांढरा मिसळा, संध्याकाळी पांढरा आधी उतरवा आणि शेवटचा तास पुन्हा निळा. कामावरून परत येईपर्यंत अंधार होत असेल तर सगळं वेळापत्रक दुपारकडे सरकवा, कोरलला घड्याळ वाचता येत नाही. रात्रभर मंद निळा ठेवून त्याला चांदणं म्हणू नका. अंधाराचे तास खरोखर अंधाराचे असू द्या.

दिवसभराची गोळाबेरीजही एकदा करून बघा. १०० पार १० तास म्हणजे एका चौरस मीटरवर दिवसाला ३.६ मोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल), २५० पार ८ तास म्हणजे ७.२. तास वाढवून कमी पार भरून काढता येतो, पण फक्त काही प्रमाणात. १४ तास लाइट लावून ॲक्रोपोरा रंगत नाही, काचा मात्र हिरव्या होतात.

पायरी ७: कोरल काय म्हणतंय ते वाचा

सेटिंग बदलल्यावर दोन आठवडे काहीही बदलू नका, फक्त बघा.

तपकिरी होत चाललं तर प्रकाश कमी पडत असेल किंवा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट जास्त असेल. आधी पाणी तपासा. वरून फिकं आणि सावलीत गडद म्हणजे प्रकाश जास्त. संपूर्ण फिकं, सावलीसकट, म्हणजे बहुधा उपासमार, पोषण फार कमी. हा फरक मला फार उशिरा कळला. टॉर्च किंवा हॅमर दिवसा आखडून आणि संध्याकाळी निळ्यात फुलून बसत असेल तर त्याला दुपार झेपत नाही, खाली न्या. मश्रूमच्या कडा वर वळून वाटीसारख्या झाल्या तरी तेच. उलट मश्रूम देठावर लांबट होऊन दिव्याकडे मान काढत असेल तर त्याला वर घ्या. झोअँथसचे देठ लांबले तर तेही उजेड मागत असतात.

फोटो काढताना

नवं मिश्रण कसं झालं हे कुणाला दाखवायला फोटो काढाल तर फोन सगळं निळं करून टाकेल. लेन्सपुढे पिवळ्या-नारिंगी जेलचा (पारदर्शक रंगीत प्लास्टिकचा) तुकडा धरा, दिव्याचा निळा अडतो आणि कोरलची चमक तेवढी येते. पण लाइटचं सेटिंग त्या फोटोवरून ठरवू नका. माझ्या वहीत प्रत्येक सेटिंगसमोर दोन फोटो चिकटवलेले असतात, एक जेल लावून आणि एक न लावता, खाली तारीख, पट्ट्यांचे टक्के आणि वरच्या दगडावरचा पार. मोंटिपोराच्या पानावर जेलवाल्या फोटोत ताटली झकास हिरवी दिसते. शेजारच्या फोटोत तिची वरची कड तेव्हाच पांढरी पडायला लागलेली आहे.